टर्बो बदलण्याआधी तो का गेला ते शोधा



आजचा विषय पिकाचा नाही, पण पीक शेतातून बाजारापर्यंत नेणाऱ्या यंत्राचा आहे. मोठे ट्रॅक्टर, हार्वेस्टर, मालाचे ट्रक, बोअर मारणाऱ्या गाड्या, या सगळ्यांच्या इंजिनावर आता टर्बो असतो. ५० अश्वशक्तीच्या पुढच्या ट्रॅक्टरना १ जानेवारी २०२३ पासून धुराचे कडक नियम लागू झाले. तेव्हापासून अशा नव्या ट्रॅक्टरांवर टर्बो सर्रास दिसतो. हा टर्बो बिघडतो तो बहुधा ऐन हंगामात. मेस्त्री सांगतो, "टर्बो गेला, नवा टाका." आपण पैसे मोजतो. पंधरा दिवसांत नवा टर्बोही तेल ओकायला लागतो. असं का होतं आणि ते टाळायचं कसं, एवढंच आज सांगायचं आहे.

टर्बोचं काम काय?

लोहाराची भट्टी आपण पाहिलेली आहे. कोळसा तोच, पण भात्यानं वारा घातला की आच वाढते. टर्बो हा इंजिनाचा भाता आहे. हा भाता ओढायला वेगळा माणूस लागत नाही. धुराड्यावाटे वाया जाणारा तापलेला धूर एक चक्र फिरवतो. त्याच दांड्याच्या दुसऱ्या टोकाला ॲल्युमिनियमचा पंखा असतो. तो बाहेरची हवा दाबून इंजिनात घालतो. हवा जास्त आली की डिझेल पुरतं जळतं आणि काळा धूर कमी होतो. स्वित्झर्लंडच्या आल्फ्रेड ब्यूखी नावाच्या इंजिनिअरनं १९०५ साली या युक्तीचं पेटंट घेतलं.

हा दांडा मिनिटाला लाखाच्या आसपास फेरे घेतो. लहान टर्बोत त्याहूनही जास्त. बहुतेक जुन्या टर्बोत त्याला गोळ्यांचे बेअरिंग नसतात. तो पितळी जातीच्या बुशात, तेलाच्या पातळ थरावर तरंगत फिरतो. हे तेल इंजिनाचंच. म्हणून टर्बोचं आयुष्य तेलावर आणि स्वच्छ हवेवर आहे.

एका लष्करी ट्रकचा धडा

उदाहरणासाठी अमेरिकेचा एक जुना लष्करी ट्रक घेऊ. टर्बो कशासाठी असतो आणि मोठा घातला तर काय होतं, या दोन्ही गोष्टी त्यावरून नीट समजतात. हा एम-३५ जातीचा ट्रक. १९५० च्या सुमारास तो अमेरिकी सैन्यात आला. त्याला 'अडीच टनी' म्हणत, कारण आडरानात अडीच टन माल नेण्याचा त्याचा हिशेब होता. पुढे सैन्यानं हे ट्रक लिलावात काढले, तेव्हा तिकडच्या शेतकऱ्यांनी आणि हौशी लोकांनी ते घेतले. आजही काही जण ते दुरुस्त करून चालवतात.

या ट्रकच्या ए-२ नमुन्यात सहा सिलिंडरचं, सुमारे ७.८ लिटरचं बहुइंधनी इंजिन असे. डिझेल, रॉकेल, विमानाचं इंधन, जे मिळेल त्यावर ते चाले. त्यातली ज्वलनाची पद्धत मूळ जर्मनीच्या मान कंपनीची. आपल्या सैन्याचा जबलपूरला बनलेला शक्तिमान ट्रकही याच मान कंपनीच्या परवान्यानं बनत होता. फरक इतकाच, की शक्तिमानच्या इंजिनावर टर्बो नव्हता.

आता गंमत पाहा. अमेरिकेच्या अडीच टनी ट्रकवर टर्बो बसवला तो मुख्यतः ताकद वाढवण्यासाठी नव्हे, तर धूर कमी करण्यासाठी. इंजिनाची ताकद सुमारे १३० ते १४० अश्वशक्तीच राहिली. त्याच घराण्याचं दुसरं इंजिन पाच टनी ट्रकसाठी होतं. त्याला हवाही जास्त दिली आणि डिझेलही जास्त दिलं, म्हणून त्यातून सुमारे १७५ अश्वशक्ती निघाली. यातला धडा असा, की टर्बो फक्त हवा देतो. ताकद डिझेलातून येते, आणि डिझेल वाढवलं की उष्णताही वाढते. हे पुढे कामाला येईल.

टर्बो कशानं मरतो?

टर्बो आपणहून क्वचितच मरतो. त्याला मारणारी कारणं बहुधा बाहेरची असतात.

१) तेल कमी पडणं. तेलाची बारीक नळी काजळीनं बुजते, किंवा तेलाचा फिल्टर वेळेवर बदललेला नसतो. अशा टर्बोचा दांडा उघडल्यावर निळा पडलेला दिसतो.

२) तेलात घाण असणं. दांड्यावर आणि बुशावर गोल ओरखडे दिसतात.

३) हवेतून धूळ किंवा खडा येणं. एअर फिल्टरपासून टर्बोपर्यंतचा रबरी पाइप चिरलेला असतो, पट्टा सैल असतो. बारीक धुळीनं पंख्याची पाती झिजतात, खड्यानं वाकतात किंवा तुटतात.

४) तापलेलं इंजिन एकदम बंद करणं. तेल थांबतं, पण धुराकडचं चक्र लालबुंद असतं. आतलं उरलेलं तेल जळून त्याची काजळी होते.

५) तेल परत जायची वाट बंद होणं. टर्बोतलं तेल पंपानं परत जात नाही, आपल्या वजनानं खाली चेंबरमध्ये उतरतं. ही परतीची नळी चेपली, तिला मध्येच पोट पडलं, किंवा इंजिनाच्या रिंगा झिजून चेंबरमध्ये हवेचा दाब झाला, तर तेल खाली उतरत नाही. मग ते सीलमधून पंख्याकडे आणि धुराड्याकडे जातं. निळा धूर दिसतो आणि दोष मात्र टर्बोवर येतो. नवा टर्बो बसवला तरी तोही तेच करतो. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी, तशातला हा प्रकार.

खोलण्याआधी तपासा

इंजिन बंद करून पूर्ण थंड होऊ द्या. चालू इंजिनावर टर्बोच्या उघड्या तोंडाजवळ हात, उपरणं किंवा पदर कधीही नेऊ नका.

आधी एअर फिल्टर पाहा. तो गच्च भरला असेल तर पंखा हवेऐवजी तेल ओढतो. मग सगळे पाइप आणि पट्टे पाहा. नंतर इंजिन मंद चालवून तेल भरायचं झाकण सैल करा. तिथून जोरानं धूर फुसफुसत असेल तर रोग रिंगांचा असू शकतो, किंवा हवा सोडणारी नळी तुंबलेली असू शकते.

त्यानंतर इंजिन पुन्हा बंद करा, थंड होऊ द्या आणि पंख्याकडचा पाइप काढा. बोटानं दांडा फिरवा. तो अडखळता कामा नये. वर-खाली थोडा हलला तर घाबरू नका, तरंगत्या बुशात तेवढी जागा ठेवलेलीच असते. पण हलवून फिरवताना पातं घराला घासलं तर टर्बो खोलावाच लागेल. पुढे-मागे मात्र दांडा जेमतेम जाणवेल इतकाच हलला पाहिजे. ते अंतर साधारण मिलिमीटरच्या दहाव्या हिश्शाएवढं असतं. नेमका आकडा आपल्या टर्बोच्या पुस्तकात पाहावा.

खोलताना आणि जोडताना

जुना, साधा टर्बो जाणत्या मेस्त्रीला खोलता येतो. ज्या नव्या टर्बोत आतली पाती हलतात किंवा ज्याला विजेच्या तारा आहेत, तो गावात खोलू नये. त्याच्या कारखान्यातच न्यावा.

खोलण्याआधी दोन्ही घरं आणि मधलं अंग यांवर जुळणीच्या खुणा करा. पंखा, दांडा आणि नट यांवरही रेघ ओढा. हे तिन्ही एकत्र तोललेले असतात. एक जरी फिरून बसलं तरी तोल जातो. काही टर्बोत पंख्याच्या नटाचे आटे उलटे असतात. जोर लावण्याआधी तेवढं बघून घ्या.

सुटे भाग रॉकेलात भिजवून मऊ ब्रशनं धुवा. तारेचा ब्रश नको. कॉस्टिक सोडा तर मुळीच नको, तो ॲल्युमिनियम खातो. वाकलेलं पातं पकडीनं सरळ करू नका. सरळ झालेलं पातं लाखभर फेऱ्यांत तुटतं आणि त्याचा तुकडा इंजिनात जातो.

दुरुस्तीच्या संचात बुश, रेट्याचं बेअरिंग, सीलच्या रिंगा आणि लॉक येतात. ते सगळे नवे टाका. पण दांडा झिजला असेल तर नुसत्या नव्या बुशांनी काम भागणार नाही. जोडणी झाल्यावर टर्बो यंत्रावर तोलून घ्या. बॅलन्सिंग न करता जो "चालतंय की" म्हणतो, त्याच्याकडे काम देऊ नका.

गाडीवर चढवताना

कारण सापडल्याशिवाय टर्बो चढवू नका. मग या क्रमानं करा :

१) इंजिन ऑइल आणि त्याचा फिल्टर नवा टाका.
२) तेलाची येणारी नळी बदला. परतीची नळी साफ करून उतरती बसवा.
३) जुना पंखा तुटला असेल तर हवेच्या आणि धुराच्या वाटेतले सगळे तुकडे काढा. हवा थंड करणारी जाळी असेल तर तीही धुवा.
४) तेलाच्या जोडांना गास्केटच वापरा. चिकट लुगदी लावू नका. तिचा तुकडा सुटून नळी बुजवतो.
५) तेलाच्या तोंडातून टर्बोत स्वच्छ तेल ओता आणि दांडा हातानं फिरवा.
६) डिझेल बंद ठेवून इंजिनाला स्टार्टर मारा. टर्बोपर्यंत तेल पोचल्याची खात्री झाली की मगच इंजिन चालू करा आणि काही मिनिटं मंद चालवा.

मोठा टर्बो घालावा का?

त्या अडीच टनी ट्रकांचे हौशी मालक मोठा टर्बो घालतात, पंपातून डिझेल वाढवतात. पण त्यांतले शहाणे लोक आधी दोन मीटर बसवतात. एक हवेच्या दाबाचा, दुसरा धुराच्या उष्णतेचा. टर्बोच्या तोंडाशी धुराची उष्णता ७०० अंश सेल्सिअसच्या वर टिकून राहिली तर पिस्टन, व्हॉल्व्ह आणि टर्बो तिघांनाही धोका असतो.

आपला ट्रॅक्टर उतारावर वजन ओढत नसतो. तो नांगराखाली तासन् तास पुऱ्या ताकदीनं चालतो. म्हणजे उष्णता चढते आणि तशीच राहते. शिवाय मोठा टर्बो कमी फेऱ्यांत उशिरा दाब देतो, आणि शेतकामाला तर कमी फेऱ्यांतच ओढ लागते. ज्या इंजिनाला मुळात टर्बो नव्हता, त्याचे पिस्टन, तेलाचा पंप आणि पाण्याची व्यवस्था त्या उष्णतेसाठी केलेली नसते. रस्त्यावरच्या वाहनात मूळ बनावटीविरुद्ध बदल करायला १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नं मनाई आहे. म्हणून आमचा सल्ला असा, की टर्बो कंपनीनं सांगितलेल्या मापाचाच घाला आणि पंपाच्या सीलला हात लावू नका.

इंजिन हाताबाहेर गेलं तर

हा भाग घरातल्या सर्वांना वाचून दाखवा. टर्बोचं सील फुटून तेल भरपूर प्रमाणात इंजिनात गेलं, तर इंजिन डिझेलाऐवजी त्या तेलावरच पळत सुटतं. किल्ली फिरवली, स्टॉपची दांडी ओढली तरी ते थांबत नाही. फेरे वाढत जातात आणि शेवटी इंजिन फुटूही शकतं.

अशा वेळी ड्रायव्हर जागेवर असेल तर त्यानं ब्रेक पूर्ण दाबावा, वरचा गिअर टाकावा आणि क्लच सोडून इंजिन गुदमरवावं. पुढे माणसं नाहीत एवढं आधी पाहावं. तसं जमत नसेल तर हवेची वाट बंद करणं हाच उपाय. बाजूला उभं राहून हवेच्या तोंडावर जाड फळी दाबावी. हात किंवा फडकं लावू नये, ते आत ओढलं जातं. फेरे फार चढले असतील तर मात्र जवळ जाऊ नका. सगळ्यांना लांब न्या. इंजिन नवं घेता येतं.

रोजची सवय

इंजिन चालू केल्यावर अर्धा ते एक मिनिट मंद चालू द्या. काम संपल्यावर बंद करण्याआधी तीन मिनिटं मंद चालवा. बंद करताना शेवटचा जोराचा रेस देण्याची खोड सोडा. उगाच तासभर मंद चालवत ठेवणंही बरं नाही, त्यानं सीलमधून तेल झिरपतं. मळणीच्या आणि उसाच्या दिवसांत एअर फिल्टर रोज पाहा. नेहमीच्या शिट्टीचा सूर बदलला, तर त्याच दिवशी पाइप तपासा.

आणि मेस्त्रीनं "टर्बो गेला" असं सांगितलं, तर त्याला एकच प्रश्न विचारा, "का गेला?" जुना टर्बो उघडून त्यानं दांडा, बुश आणि पाती दाखवली आणि कारण सांगितलं, तर तो माणूस आपल्या कामाचा. या प्रश्नाचं उत्तर मिळेपर्यंत नव्या टर्बोचे पैसे खिशातच ठेवा.

हे पत्रक जपून ठेवा आणि शेजारच्या ट्रॅक्टरवाल्यालाही वाचायला द्या.