चांदीची तलवार

1974 साली अमेरिकेत ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ हा खेळ निघाला. यात राक्षसाशी लढायचं ते तोंडानं आणि फाशांनी! घाव किती लागला, ते फासा सांगतो. पण काही राक्षसांना साधी तलवार नीट लागतच नाही.

2000 सालच्या नियमांत लोखंडी पुतळ्यावरच्या प्रत्येक घावातून 50 गुण वजा होत. सुटका फक्त भारी जादूच्या शस्त्रानं. 2003 साली हे 15 वर आलं आणि जादूऐवजी विशिष्ट धातूचं शस्त्र लागू लागलं. काही खेळाडू चिडले. राक्षसागणिक वेगळं हत्यार, म्हणजे पाठीवर काय दुकान बांधायचं? तक्रार खोटी नव्हती.

पौर्णिमेला लांडगा होणाऱ्या माणसाला मात्र चांदीच लागे. 2025च्या ‘मॉन्स्टर मॅन्युअल’नं तीही अट काढली. हिशेब सोपा झाला, पण मला ते रुचलं नाही. चांदीसाठी खेळाडू गावात चौकशी करत, सोनाराचं दार ठोठावत. देवघरातली समई वितळवावी की नाही, यावर अर्धा तास वाद चाले. तोवर बाहेर चंद्र उगवलेला असे.