घरातील आठवणींचे कोठार

(संस्थेच्या वार्षिक पालक-विद्यार्थी मेळाव्यात एका सहाय्यक शिक्षकाने, बी. ए., बी. एड., दिलेले भाषण)





संगणक हा माझा विषय नव्हे. मी मराठी आणि इतिहास शिकविणारा शिक्षक. तरीही घरात एक लहानसा सर्व्हर कसा उभारावा, या विषयावर चार शब्द बोलण्याची परवानगी मी आपणाकडे मुद्दाम मागून घेतली. त्याचे कारण आधी सांगतो.

माझे वडील नोकरीनिमित्त सौदीत होते. त्या काळी परदेशाहून फोन करणे परवडत नसे, म्हणून ते कॅसेटवर बोलून पाठवीत. गावी येणाऱ्या कोणाबरोबर तरी कॅसेट यायची आणि संध्याकाळी आम्ही सारे टेपरेकॉर्डरभोवती बसायचो. अब्बा एकेकाचे नाव घेऊन विचारपूस करीत. अशा अकरा कॅसेट होत्या. अब्बांच्या निधनानंतर २०१६ साली मी त्या संगणकावर उतरवून घेतल्या आणि एका हार्डडिस्कवर ठेवल्या. कॅसेटना बुरशी लागली होती, म्हणून त्या टाकून दिल्या. २०१८ साली ती डिस्क टेबलावरून पडली. आतून थोडा वेळ टिकटिक ऐकू आली, मग तीही थांबली. दुरुस्ती करणाऱ्याने हात टेकले. अकरांपैकी एकच कॅसेट वाचली, कारण तिची प्रत आपाने आपल्या मोबाईलवर मागून घेतली होती. मी अब्बांचा आवाज जपला, अशी माझी समजूत होती. वास्तविक मी तो एका जागेवरून उचलून दुसऱ्या जागेवर ठेवला होता, इतकेच.

ही चूक माझ्यासारख्या अडाण्याचीच होते असे नाही. अमेरिकेतील पिक्सार ही चित्रपट कंपनी १९९८ साली 'टॉय स्टोरी २' तयार करीत होती. कोणाच्या तरी हातून फाईली पुसण्याची आज्ञा दिली गेली आणि चित्रपटाचा बहुतेक भाग संगणकावरून नाहीसा झाला. बॅकअप होता, पण तो नीट चालत नव्हता आणि हे कोणी तपासले नव्हते. गॅलिन सुसमन या तंत्रज्ञ बाई बाळंतपणानंतर घरून काम करीत होत्या. त्यांच्या घरच्या संगणकात एक प्रत होती, तिने काम वाचविले. एवढ्या मोठ्या कंपनीला घरातली एक प्रत उपयोगी पडली, हे ध्यानात ठेवा.

कोणी म्हणेल, "सर, सगळे फोटो मोबाईल कंपनीच्या क्लाऊडवर आपोआप जातात, मग चिंता कसली?" क्लाऊड वाईट नाही, पण ती भाड्याची खोली आहे. गुगल फोटोजवर पूर्वी किंचित आकार कमी केलेले फोटो मोफत आणि अमर्याद ठेवता येत. १ जून २०२१ पासून नवे फोटो १५ जीबीच्या मोफत मर्यादेत मोजले जाऊ लागले. मायस्पेस या संकेतस्थळाकडून तर २००३ ते २०१५ या काळात लोकांनी चढविलेली गाणी गमावली गेल्याचे २०१९ साली उघड झाले. भाड्याच्या खोलीत सामान जरूर ठेवा, पण घरात आपले कोठारही असू द्या.

सर्व्हर म्हणजे काही अगडबंब यंत्र नव्हे. घरातील इतर मोबाईल आणि संगणक ज्याच्याकडे फाईली ठेवतात आणि मागतात, असा सतत चालू असणारा संगणक म्हणजे सर्व्हर. कचेरीतून निघालेला जुना डेस्कटॉप यासाठी पुरतो. संगणक जुना चालेल, पण डिस्क मात्र नवी घ्या. मोबाईलचा एक फोटो साधारण तीन-चार एमबीचा असतो, म्हणजे दहा हजार फोटोंना चाळीस जीबीच्या आत जागा लागते. जागा खातात ते व्हिडिओ. तरी सामान्य कुटुंबाला २ टीबीची डिस्क बरीच वर्षे पुरावी.

या संगणकावर ओपनमीडियाव्हॉल्ट ही प्रणाली घालता येते. ती डेबियन लिनक्सवर आधारलेली असून मोफत आहे. मोबाईलमधील फोटो आपोआप उतरवून घेण्यासाठी इमिच आणि घरचे व्हिडिओ व ध्वनिफिती टीव्हीवर लावण्यासाठी जेलीफिन, हेही मोफत मिळतात. इमिच बसविताना थोडी खटपट होते. आठवी-नववीच्या मुलाला शेजारी बसवा, दोघांचेही शिक्षण होईल. संगणक राऊटरला तारेने जोडा. वीज जाते-येते तेथे यूपीएस लावा, कारण लिहिणे चालू असताना वीज गेली तर फाईली बिघडू शकतात. आणि हे कोठार घरापुरतेच ठेवा. राऊटरमधून बाहेरच्या जगाला दार उघडून देऊ नका.

विजेचे काय? विद्यार्थ्यांनो, गणित करा. संगणक ४० वॅट वीज घेत असेल तर दिवसाला ९६० वॅट-तास, म्हणजे जवळजवळ एक युनिट, आणि महिन्याला सुमारे २९ युनिट. एवढी वीज नको असेल तर रास्पबेरी पायसारखा छोटा संगणक यापेक्षा बराच कमी खातो.

आता मुख्य मुद्दा. पुष्कळजण सर्व्हरमध्ये दोन डिस्क बसवितात आणि एकीवर लिहिलेले दुसरीवर तसेच्या तसे उमटेल अशी व्यवस्था करतात. हा रेडचा एक प्रकार. एक डिस्क बिघडली तरी काम थांबत नाही, हा त्याचा फायदा. पण हा बॅकअप नव्हे. मुलाने चुकून एक फोल्डर पुसला तर तो त्याच क्षणी दोन्हीकडून पुसला जातो. म्हणून जाणकार ३-२-१ हा नियम सांगतात. अमेरिकन छायाचित्रकार पीटर क्रोग यांनी तो लोकप्रिय केला. प्रती तीन, त्या दोन वेगळ्या साधनांवर, आणि त्यातली एक घराबाहेर.

घराबाहेरची प्रत कशाला, हे आपल्या कोकणाला सांगायला नको. २२ जुलै २०२१ रोजी वाशिष्ठीचे पाणी चिपळुणात शिरले. एकाच घरातल्या तीन डिस्का अशा पाण्यात एकदमच जातात. माझी तिसरी डिस्क आपाच्या सासरी, दुसऱ्या गावी असते. दर दोन-तीन महिन्यांनी मी जातो, नव्या फाईली भरलेली डिस्क ठेवतो आणि जुनी घेऊन येतो. या डिस्का कुलूपबंद, म्हणजे एन्क्रिप्ट केलेल्या आहेत. परवलीचा शब्द कागदावर लिहून अम्मीच्या कपाटात ठेवला आहे, कारण तो विसरलो तर कोठार असून उपाशी, अशी गत व्हायची.

इतके करूनही मी एकदा फसलो. सहा महिन्यांनी सहज एक फाईल बॅकअपमधून काढून पाहिली तर ती तेथे नव्हतीच. दुसरी डिस्क भरून गेली होती आणि तीन महिने बॅकअप बंद पडला होता. सर्व्हरचा दिवा मात्र हिरवाच होता! मूळ फाईली शाबूत होत्या म्हणून निभावले. तेव्हापासून मी वर्गात घेतो तशी बॅकअपची हजेरी घेतो. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी कोणत्याही तीन फाईली, एक जुनी, एक मधली, एक नवी, बॅकअपमधून परत आणून उघडून पाहतो आणि वहीत तारीख लिहितो. पंधरा मिनिटे लागतात.

पालकहो, सर्व्हर उभारायला वेळ लागेल, कोणाला तो परवडणारही नाही. पण परत आणून पाहिलेली प्रत हीच खरी प्रत, एवढे तरी आज येथून घेऊन जा. घरात ज्यांचा आवाज अजून रेकॉर्ड केलेला नाही अशी वडीलधारी माणसे असतील, तर तो आधी रेकॉर्ड करा. मग त्याची एक प्रत बहिणीकडे, एक भावाकडे द्या. कोठाराची सुरुवात तेवढ्यानेही होते.

उरलेल्या त्या एका कॅसेटमध्ये अब्बा मला विचारतात, "अभ्यास करतोस ना?" उशिरा का होईना, केला.