फटफटीचा आवाज आणि इंजिनातलं पाणी



रात्री गाव शांत झाल्यावर लांबून बुलेट येत असली, तर ती अंथरुणात पडल्यापडल्या ओळखू येते. आपल्या मराठीने तर या वाहनाचं नावच आवाजावरून ठेवलं, फटफटी. आज मी ज्या मोटरसायकलबद्दल बोलणार आहे, तिच्यावरचा वादही आवाजापासूनच सुरू होतो. म्हणून हा विषय रेडिओवर बोलावा, असं बरेच दिवस मनात होतं.

अमेरिकेतल्या मिलवॉकी शहरात १९०३ साली हार्ले-डेव्हिडसन ही कंपनी सुरू झाली. १९०९ मध्ये तिने दोन सिलिंडरचं इंजिन आणलं. दोन्ही सिलिंडर ४५ अंशांच्या कोनात, इंग्रजी व्ही अक्षरासारखे, आणि दोघांचे कनेक्टिंग रॉड क्रँकच्या एकाच पिनेवर बसवलेले. या रचनेमुळे दोन स्फोटांमधलं अंतर सारखं राहत नाही. पहिल्या स्फोटानंतर क्रँक ३१५ अंश फिरला की दुसरा होतो, मग पुढच्यासाठी ४०५ अंश थांबावं लागतं. एक पाऊल लवकर, दुसरं जरा उशिरा. हार्लेची ती लंगडी, जड लय यातून येते. चाहत्यांना ती इतकी प्रिय, की १९९४ मध्ये कंपनीने या आवाजाचीच ट्रेडमार्क म्हणून नोंदणी व्हावी यासाठी अर्ज केला. इतर उत्पादकांनी हरकती घेतल्या, प्रकरण रेंगाळलं आणि २००० साली कंपनीने अर्ज मागे घेतला.

त्याच्या पुढच्याच वर्षी, जुलै २००१ मध्ये, हार्लेने व्ही-रॉड लोकांसमोर आणली. इंजिन ११३० सीसीचं, सिलिंडरमधला कोन ६० अंशांचा, थरथर मारण्यासाठी बॅलन्सर शाफ्ट, प्रत्येक सिलिंडरला चार व्हॉल्व्ह. आणि पुढच्या चाकामागे रेडिएटर. रस्त्यावर विकायला काढलेली ही हार्लेची पहिली वॉटर-कूल्ड गाडी. ताकद ११५ अश्वशक्ती. त्या वेळी कंपनीचं नेहमीचं इंजिन १४५० सीसीचं होतं आणि तरीही ताकदीत ते व्ही-रॉडच्या आसपासही पोचत नव्हतं. किंमत सुमारे १७ हजार डॉलर.

आणि मग चाहत्यांत दोन तट पडले.

एक तट म्हणाला, ही हार्लेच नव्हे. इंजिन मिनिटाला ९००० फेऱ्यांपर्यंत चढतं, आवाज गुळगुळीत येतो, ती लय गेली. शिवाय इंजिन घडवायला जर्मनीच्या पोर्शची मदत घेतलेली, म्हणजे रक्तही परकं. दुसरा तट म्हणाला, एकदा चालवून तरी बघा. पिळला की सुटणारा पिकअप, सिग्नलला मांडीला न भाजणारं इंजिन, आणि कंपनीच्या इतर गाड्यांना कधी न जमलेला वेग.

पहिल्या तटाला हट्टी, जुन्या वळणाचे म्हणून बाजूला सारणं सोपं आहे. मला ते मान्य नाही. एअर-कूल्ड इंजिन काय आहे, ते डोळ्यांना कळतं. ब्लॉकभोवती फिन्सचे थर असतात, जितकी उष्णता जास्त तितक्या फिन्स मोठ्या. घाट चढून आल्यावर जवळ हात नेला, की इंजिनावर किती ताण आला ते तळहाताला समजतं. दुरुस्तीला पाना आणि फीलर गेज घेऊन माणूस अंगणात बसू शकतो. माझ्या वडिलांची राजदूत होती. ती गार होताना फिन्समधून येणारी बारीक टिकटिक मला अजून आठवते. रेडिएटर, पंप, थर्मोस्टॅट आणि रबरी नळ्या आल्या की यंत्राचं काम झाकलं जातं, हा त्या लोकांचा सल खरा होता. पाणी हे केवळ त्याचं नाव झालं.

पण पाण्याची बाजूही तितकीच खरी आहे. आपल्याकडे शेतात विहिरीवर डिझेल इंजिन असायचं, किर्लोस्करचं किंवा तशाच बनावटीचं. पंपाच्या पाण्याचीच एक बारीक धार त्याच्या ब्लॉकभोवती फिरवलेली असे आणि तापलेलं पाणी पुढे पाटात पडे. थंडीत त्या धारेखाली हात धरले की बोटं मोकळी होत. इंजिनातून किती उष्णता बाहेर काढावी लागते, ते तिथे हातालाच कळायचं. हवेपेक्षा पाणी सुमारे ८०० पट दाट, आणि तेवढ्याच वजनाचं पाणी हवेच्या चौपट उष्णता सामावून घेतं.

मोटरसायकलला याचा उपयोग काय? हवेवर गार होणारं इंजिन वाऱ्याच्या मर्जीवर असतं. मोकळ्या रस्त्यावर गार, मे महिन्यात खंबाटकीच्या कोंडीत लालबुंद. व्ही इंजिनात मागचा सिलिंडर पुढच्याच्या आडोशाला राहतो, त्याला वारा कमी. मग इतका मोठा फरक सोसेल अशा बेताने पिस्टन आणि बोअरमधली फट जरा सैल ठेवावी लागते. पाण्याने तापमान एका पातळीवर राहतं, फट घट्ट ठेवता येते, कॉम्प्रेशन वाढवता येतं. धूर कमी करण्यासाठी पेट्रोलचं प्रमाण उतरवलं की इंजिन जास्त तापतं, तेव्हाही पाणी सांभाळून घेतं. शिवाय ब्लॉकभोवतीचं पाणी आतली खडखड गिळतं. जुन्या टू-स्ट्रोक गाड्यांत फिन्सच्या मध्ये रबराचे तुकडे खोचलेले तुम्ही पाहिले असतील. फिन्स स्वतःच वाजतात, म्हणून ते. धूर आणि आवाज या दोन्हींवरचे कायदे कडक होत गेले, तशी कारखान्यांची वाट पाण्याकडे वळली.

हार्लेच्या बाहेर तर हे नवीन नव्हतंच. इंग्लंडच्या स्कॉट कंपनीने शतकाच्या आरंभीच पाण्याची इंजिनं वापरली. सुझुकीची जीटी ७५० ही गाडी १९७१ ची, तिला अमेरिकेत लोक पाणम्हैस म्हणत आणि ब्रिटनमध्ये किटली. होंडाची मॅग्ना, यामाहाची व्ही-मॅक्स, या दणकट वॉटर-कूल्ड गाड्या ऐंशीच्या दशकातल्या. खुद्द हार्लेनेही त्याआधी पोर्शलाच बरोबर घेऊन नोव्हा नावाचं पाण्याचं चार सिलिंडरी इंजिन करून पाहिलं होतं. पैशांच्या ओढाताणीत तो प्रकल्प गुंडाळला गेला. आणि पोर्शलाही हे दुखणं घरचंच होतं. त्यांच्या ९११ मोटारीचं हवेवरचं इंजिन बंद होऊन पाण्याचं आलं ते १९९७-९८ मध्ये, आणि तेव्हा तिच्या चाहत्यांनीही असाच आकांत केला होता.

माझं मत विचाराल, तर व्ही-रॉडचं इंजिन उत्तम होतं. चूक झाली ती बाकीच्या गाडीत. पुढचा फोर्क ३८ अंशांत कललेला, चाकांमधलं अंतर १७०० मिलिमीटरहून जास्त, पाय पुढे ताणलेले. सरळ रस्त्यावर बाणासारखी जाणारी गाडी वळणावर लवकर घासायची. पेट्रोलची टाकी सीटखाली, तीही आधी जेमतेम १४ लिटरची, आणि टाकीच्या जागी जे दिसतं ते हवेच्या डब्याचं झाकण. दूरच्या प्रवासाला निघणाऱ्या माणसाला १४ लिटर म्हणजे सारखा पंप शोधणं आलं. या तक्रारी चालवणाऱ्यांनी वारंवार केल्या आणि त्या रास्त होत्या. पाण्याच्या वादात त्या मागे पडल्या, याचं मला वाईट वाटतं.

कंपनीने त्या ऐकल्याही. स्ट्रीट रॉड नावाची आवृत्ती आली, फोर्क उभा, पाय मधे, वळणाला चांगली. ती दोन वर्षांत बंद पडली. वळण मागणारे लोक हार्लेच्या दुकानात जात नव्हते, आणि जाणाऱ्यांना ती लांब, बसकी गाडीच हवी होती. युरोपात, विशेषतः जर्मनीत, व्ही-रॉडला हौशी कारागिरांनी डोक्यावर घेतलं. अमेरिकेत ती उपरीच राहिली. २०१७ मध्ये तिचं उत्पादन थांबलं. पुढे २०२१ मध्ये हार्लेने स्पोर्टस्टर हे १९५७ पासूनचं नाव वॉटर-कूल्ड गाडीला दिलं, आणि जुने सवालजवाब पुन्हा पहिल्यापासून सुरू झाले.

हे लोण आपल्या दारापर्यंतही आलं आहे. पुण्याजवळ चाकणला बजाजच्या कारखान्यात ट्रायम्फची ४०० सीसीची गाडी बनते. इंजिन वॉटर-कूल्ड, तरी ब्लॉकवर फिन्स ठेवलेल्या, जुन्या डोळ्यांना ओळख पटावी म्हणून.

गेल्या पावसाळ्यात ताम्हिणीत एका टपरीवर चहाला थांबलो होतो. तिथे एक गृहस्थ होते, साठीपुढचे, जुनी बुलेट घेऊन आलेले. शेजारी एका मुलाने ही चाकणची गाडी आणून लावली. काकांनी चहाचा ग्लास खाली ठेवला, वाकून फिन्स पाहिल्या, मग रेडिएटर पाहिला.

"पाणी कधी बदलायचं याचं?"

"कूलंट असतं काका, सर्व्हिसिंगला बघतात."

काकांनी मान हलवली. जरा वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "चालू कर बघू. ऐकू दे."

मुलाने बटण दाबलं. काका डोळे मिटून, मान एका बाजूला कलती करून, पाऊस पडत असताना बराच वेळ ऐकत उभे होते.