केस ओले करून चोळा



दक्षिण आफ्रिकेच्या उत्तरेला, आजच्या लिंपोपो प्रांतात, मारा नावाचं गुरांचं संशोधन केंद्र आहे. मुलूख कडक उन्हाचा, पाऊस बेभरवशाचा, आणि गवतात गोचिडांचा सुळसुळाट. गोऱ्या शेतकऱ्यांनी तिथे मांसासाठी विलायती हेरफर्ड आणि शॉर्टहॉर्न गुरं आणली. दिसायला भरदार, पण ऊन चढलं की सावलीत धापा टाकत उभी. न चरलेलं जनावर वाढणार कशावर? त्यात गोचिडांमुळे होणारा 'हार्टवॉटर' हा जीवघेणा रोग. तिथलं आफ्रिकानर हे तांबडं, वशिंडाचं जनावर मात्र काटक. फक्त वाढायला सावकाश.

यान बॉन्स्मा या शास्त्रज्ञाने 1930 च्या दशकात दोहोंचा संकर सुरू केला. रुबाब बघून वळू निवडायचा, ही जुनी रीत त्याने मोडली. उन्हातल्या गुरांचा ताप मोजला, श्वास मोजले, वजनं लिहून ठेवली. त्याची एक परीक्षा मला फार आवडते. जनावराच्या अंगावरचे थोडे केस कातरायचे, ओले करायचे आणि तळहातांवर चोळायचे. लोकरी केसांचा घट्ट गोळा बनतो, तुळतुळीत केस सुटेच राहतात. सुट्या केसांचं जनावर उष्णता सोसतं, त्याला गोचीडही कमी चिकटते. यंत्र नको, प्रयोगशाळा नको!

यातून पुढे बॉन्स्मारा ही जात उभी राहिली: आठात पाच हिस्से आफ्रिकानर, तीन हिस्से विलायती. बॉन्स्मा आणि मारा मिळून हे नाव. गायीच्या बाबतीत तर तो निष्ठुरच होता. नियमाने वेत देत नाही, ती कळपात ठेवायची नाही. प्रदर्शनात बक्षीस मिळवणारी, चरबीने गुबगुबीत, खांद्याला बैलासारखी भारी गाय बहुधा भाकड निघते, असं तो सांगे. बक्षीस देणाऱ्या पंचांना हे कितपत रुचलं असेल, कोण जाणे.

आपल्याकडे सवाल मांसाचा नाही, दुधाचा आहे; ऊन मात्र तेच. गोठ्यात होल्स्टिन संकरित गाय असेल तर वैशाखात भर दुपारी तिच्या कुशीवर नजर ठेवा आणि घड्याळ लावून मिनिटभर श्वास मोजा. साठाच्या वर गेले तर गाय उन्हाने बेजार झाली आहे. सावली आणि गार पाणी आधी द्या, आणि पुढच्या खेपेला रेतन करवताना कोणत्या वळूचं वीर्य आहे, हे डॉक्टरांना जरूर विचारा.