सहा ठिपक्यांची लिपी



आपल्या नांदेड-लातूरकडे एकाच गल्लीतील काही मुले उर्दू शाळेत जातात, काही मराठी. पण घरात अंध मूल असले की "याला कोणती लिपी शिकवायची?" हा प्रश्न पडतो आणि ते मूल घरीच राहते. या प्रश्नाचे उत्तर सोपे आहे.

लुई ब्रेल हा फ्रान्समधील खोगीर-लगाम करणाऱ्या कारागिराचा मुलगा. तिसऱ्या वर्षी वडिलांच्या हत्याराने डोळ्याला इजा झाली आणि पुढे दोन्ही डोळ्यांची दृष्टी गेली. त्याच मुलाने पंधराव्या वर्षी, १८२४ मध्ये, उठावदार ठिपक्यांची लिपी सिद्ध केली. दोन उभ्या ओळी, प्रत्येकीत तीन ठिपके. या सहा ठिपक्यांतून ६३ खुणा होतात आणि प्रत्येक खूण बोटाच्या टोकाखाली मावते.

आपल्या देशात पूर्वी निरनिराळ्या ब्रेल पद्धती होत्या. १९५१ मध्ये भारतीय भाषांसाठी एकच 'भारती ब्रेल' स्वीकारण्यात आली. तिचे तत्त्व असे, की उच्चार एक तर खूणही एक. पहिला व दुसरा ठिपका म्हणजे मराठीचा 'ब', उर्दूचा 'बे' आणि इंग्रजीचा 'बी'. अरबीतही खूण हीच. माल्टा बेटाची भाषा अरबीतून निघालेली, पण रोमन अक्षरांत लिहिली जाते. तिच्या ब्रेलमध्येही 'ब' हाच. छापील उर्दू आपण उजवीकडून वाचतो. ब्रेलमध्ये मात्र उर्दू आणि अरबीसुद्धा डावीकडून वाचतात. म्हणजे एका भाषेची ब्रेल आलेल्या मुलाला दुसरीसाठी पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागत नाही.

काही पालक म्हणतील, मूल ऐकून पाठ करते, आता मोबाइलही बोलतो, मग लिपी कशाला? बंधूंनो, ऐकून पाठांतर होते. पण शब्दातील ऱ्हस्व-दीर्घ कळायला आणि गणिताच्या पायऱ्या मांडायला अक्षर हाताखाली असावे लागते.

२०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने, ४० टक्के वा अधिक दिव्यांगत्व असलेल्या ६ ते १८ वर्षांच्या मुलाला जवळच्या किंवा विशेष शाळेत मोफत शिक्षणाचा हक्क दिला आहे. तो हक्क मागणे पालकांचे काम आहे. आणि विद्यार्थी मित्रांनो, ही लिपी डोळ्यांनीही वाचता येते. आपल्या अंध भावासाठी, बहिणीसाठी ती तुम्ही अवश्य शिका.