जुनी कावीळ आणि नवा ताप
(मांजरसुंबा येथील आरोग्य मेळाव्यात केलेले भाषण)



आम्हाला दिलेला विषय ऐकायला अवघड आहे, पण प्रश्न साधा आहे. ज्याच्या अंगात हिपॅटायटिस बी किंवा सी हा काविळीचा विषाणू वर्षानुवर्षे मुक्काम ठोकून आहे, त्याला कोरोना किंवा फ्लू झाला तर काय होते? कोरोनाच्या काळात हा प्रश्न पुष्कळांनी विचारला, आणि बहुतेकांनी आपण आता वाचत नाही असे धरूनच विचारला. त्यांना दोष देता येत नाही. एप्रिल २०२१ मध्ये अंबाजोगाईला एकाच रुग्णवाहिकेतून २२ मृतदेह नेल्याची बातमी देशभर गेली होती. त्या दिवसांत धडधाकट माणूसही घाबरलेला होता.

आधी कावीळ म्हणजे काय ते पाहू. आपल्याकडे डोळे पिवळे झाले की कावीळ, गळ्यात माळ घातली, ती लांबत गेली की कावीळ उतरली, असा समज आहे. दूषित पाण्यातून येणारी ए आणि ई ही कावीळ बहुधा आपोआपच बरी होते; माळेला फुकटचे श्रेय मिळते. बी आणि सी यांची गोष्ट निराळी. हे विषाणू रक्तातून येतात. न उकळलेली सुई, तपासणी न झालेले रक्त, दुसऱ्याचा वस्तरा या त्यांच्या वाटा. बी हा बाळंतपणात आईकडून बाळाला आणि शरीरसंबंधातूनही जातो. गुजरातेत मोडासा येथे २००९ साली वापरलेल्याच सिरिंज पुन्हा वापरल्याने बी काविळीची साथ आली व अनेकांचा जीव गेला. पण बहुतेक वेळा हा विषाणू गाजावाजा करीत नाही. डोळे पिवळे होत नाहीत, भूक जात नाही. १४ एप्रिलच्या शिबिरात हौसेने रक्त द्यावे आणि पुढे रक्तपेढीतून बोलावणे यावे, किंवा गरोदर सुनेच्या तपासणीत निघावे, अशा रीतीने तो कळतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२४ च्या अहवालाप्रमाणे २०२२ साली भारतात सुमारे २ कोटी ९८ लाख लोकांना बी आणि ५५ लाख लोकांना सी होता. बी असलेल्या बहुतेकांना त्याचा पत्ता नाही.

आता मूळ प्रश्नाकडे येतो. पहिली गोष्ट दिलाशाची आहे. हाँगकाँगमधील साडेपाच हजारांवर कोरोना रुग्णांची पाहणी २०२१ साली प्रसिद्ध झाली. हिपॅटायटिस बी असल्यामुळे, किंवा पूर्वी होऊन गेल्यामुळे, मृत्यूचे प्रमाण वाढलेले तीत दिसले नाही. म्हणजे नुसता रिपोर्ट पॉझिटिव्ह आहे म्हणून कोणी हातपाय गाळू नयेत.

दुसरी गोष्ट काळजीची. हाच विषाणू वीस-तीस वर्षे यकृत कुरतडत राहिला, जोडीला दारू असली, की यकृत गाठाळून कडक होते. त्याला सिरोसिस म्हणतात. पुढे पोटात पाणी होते, रक्ताची उलटी होते, माणूस बरळू लागतो. निरनिराळ्या कारणांनी यकृत बिघडलेल्या, २९ देशांतील ७४५ कोरोना रुग्णांची नोंद २०२१ साली प्रसिद्ध झाली. सिरोसिस नसलेल्यांत शंभरात ८ दगावले, सिरोसिस असलेल्यांत ३२. सिरोसिस अगदी पुढच्या पायरीवर गेलेला असेल तर ५१. आणि त्यातले बहुतेक यकृताने नव्हे, श्वास बंद पडून गेले. यकृत थकले की रोगाशी झुंजण्याची अंगातली ताकदच उणी होते. तेव्हा प्रश्न विषाणू आहे की नाही एवढाच नाही. त्याने यकृताचे किती नुकसान केले आहे, हा खरा प्रश्न आहे. तो सोनोग्राफी आणि रक्ततपासणीने सुटतो, चेहरा पाहून सुटत नाही.

तिसरी गोष्ट उपचारांची, आणि आम्हाला सर्वांत जास्त बोलायचे आहे ते हिच्याविषयी. बी चा विषाणू यकृताच्या पेशीच्या गाभ्यात दडून बसतो. शरीराची प्रतिकारशक्ती त्याच्यावर पहारा ठेवते. कोरोनात स्टेरॉइड देतात ते ही प्रतिकारशक्ती आवरण्यासाठीच. पहारा ढिला पडला की विषाणू वाढतो; औषध थांबल्यावर पहारेकरी जागा होतो आणि विषाणू असलेल्या पेशींवर तुटून पडतो. ताप जाऊन काही आठवडे झाले, माणूस कामाला लागला, आणि मग कावीळ उसळते. थोड्या दिवसांच्या औषधाने हा धोका कमी असतो. मोठी मात्रा, लांबलेला उपचार किंवा टोसिलिझुमॅबसारखे इंजेक्शन असेल तर वाढतो. आधी माहीत असेल तर विषाणू दाबणारी गोळी सोबत देऊन तो टाळता येतो. तपासणी एका थेंबाची आहे.

इंग्लंडमधील मोठ्या चाचणीत जून २०२० मध्ये डेक्सामेथासोनने ऑक्सिजनवरच्या रुग्णांचे प्राण वाचतात हे सिद्ध झाले. ज्यांना ऑक्सिजन लागत नाही त्यांना फायदा नाही, हेही त्याच चाचणीत दिसले. आपल्याकडे मात्र पहिल्या दिवसाच्या तापालाच ते दिले गेले. ताप उतरतो, रुग्ण खूश, देणाराही खूश.

काढ्याचेही सांगितले पाहिजे, कुणाला राग आला तरी. सप्टेंबर ते डिसेंबर २०२० या काळात मुंबईत गुळवेल घेणाऱ्या सहा जणांच्या यकृताला इजा झाल्याची नोंद डॉक्टरांनी केली. आयुष मंत्रालयाने तिच्यावर आक्षेप घेतला; पुढे देशातील तेरा केंद्रांतून अशा ४३ रुग्णांची माहिती प्रसिद्ध झाली. ज्याचे यकृत आधीच दुखावलेले आहे त्याने रोज पेलाभर काढा पिण्याचा धोका कशासाठी पत्करावा? तापाला पॅरासिटामॉल चालते, पण सिरोसिसच्या रुग्णाने दिवसात २ ग्रॅमच्या, म्हणजे ५०० च्या चार गोळ्यांच्या, वर जाऊ नये. कोरोनाची लस आणि दरवर्षीची फ्लूची लस या रुग्णांना चालते. उलट त्यांनाच ती अधिक हवी.

आता आपल्या भागाचे. धुळे-सोलापूर रस्ता आणि पाटोद्याकडून केज-अंबाजोगाईला जाणारा रस्ता इथे मिळतात. ऊसतोडीला निघालेल्या गाड्या आपल्या डोळ्यांसमोरून जातात. बी ची गोळी, टेनोफोव्हिर म्हणा की एन्टेकाव्हिर, एकदा सुरू झाली की मनाने बंद करायची नसते. बंद केली तर विषाणू पुन्हा उसळतो. २०२० च्या टाळेबंदीत आपले ऊसतोड मजूर कारखान्यांवर अडकून पडले होते. कोपीत महिन्याची गोळी संपली तर ती आणायची कुठून? म्हणून निघतानाच डॉक्टरांना सांगून जास्तीची औषधे मागावीत. २८ जुलै २०१८ रोजी सुरू झालेल्या राष्ट्रीय कार्यक्रमात बी आणि सी ची तपासणी व औषधे सरकारी उपचार केंद्रांत मोफत आहेत. आपल्याला बीड आणि अंबाजोगाई जवळ, तिथे चौकशी करावी. सी तर बहुधा बारा आठवड्यांच्या गोळ्यांनी पुरता बरा होतो.

आणि एक. रिपोर्ट कळल्यावर काही घरांत त्या माणसाचे ताट वेगळे होते, पाण्याचा तांब्या वेगळा होतो. एका ताटात जेवल्याने, एका माठाचे पाणी प्यायल्याने बी किंवा सी होत नाही. वेगळा तांब्या म्हणजे काय हे ज्यांच्या आज्या-पणज्यांनी भोगले, त्यांच्या घरात तरी हे घडू नये. या भीतीनेच लोक रिपोर्ट लपवतात, आणि ताप घेऊन आले तरी डॉक्टरला सांगत नाहीत. वेगळे ठेवायचे ते ब्लेड, वस्तरा आणि दात घासायचा ब्रश. घरातल्या बाकीच्यांची तपासणी करून बी ची लस द्यावी. नवजात बाळाला ती २४ तासांच्या आत मिळालीच पाहिजे.

सभेनंतर आम्ही इथेच थांबणार आहोत. ज्यांच्याकडे जुने रिपोर्ट असतील त्यांनी ते दाखवावेत. आणि रिपोर्टची एक प्रत आधारकार्डाच्या पिशवीतच ठेवावी, म्हणजे परमुलुखात ताप आला तर डॉक्टरच्या हातात पहिल्यांदा तो कागद पडेल.