मेमरीत काय ठेवावे, डिस्कवर काय

ठाणे, डोंबिवली, कल्याण आणि परिसरातून आलेल्या सहकाऱ्यांनो, विद्यार्थी मित्रमैत्रिणींनो,

आज मी एकाच विषयावर बोलणार आहे: लिनक्सवर मेमरीत तात्पुरती डिरेक्टरी माउंट करणे. आज्ञा एका ओळीची आहे, पण ती देण्याआधी घ्यायचा निर्णय मोठ्या जबाबदारीचा आहे.

सोमवार, १२ ऑक्टोबर २०२० ची सकाळ आठवा. कळवा-पडघा भागातल्या ४०० केव्हीच्या वाहिन्या बंद पडल्या आणि मुंबई, ठाणे, नवी मुंबईची वीज गेली. कोरोनामुळे तेव्हा कितीतरी कचेऱ्या घरूनच चालत होत्या. ज्या यंत्रांना बॅटरीचा आधार नव्हता, त्यांच्या मेमरीतले सगळे त्या क्षणी पुसले गेले. टीएमपीएफएस या मेमरीतच राहणाऱ्या फाइलप्रणालीत ठेवलेल्या फायलींचे भवितव्य नेमके हेच असते.

तरीही टीएमपीएफएस वापरावेच, असे माझे मत आहे. माउंट करताना प्रकार टीएमपीएफएस, आकार समजा ५१२ एमबी आणि एक रिकामी डिरेक्टरी एवढे सांगितले की काम झाले. डिरेक्टरी रिकामीच हवी, कारण आत आधीच्या फायली असतील तर अनमाउंट करेपर्यंत त्या दिसेनाशा होतात. मेमरी लगेच अडकून पडत नाही; फायली जितक्या, तितकीच ती खर्च होते. डिस्कवरचे लेखन वाचते, मेमरी कार्डावर चालणाऱ्या छोट्या यंत्रांचे आयुष्य वाढते.

मात्र आकार सांगायला विसरू नका. तो दिला नाही, तर मर्यादा एकूण रॅमच्या निम्मी धरली जाते. अशा दोन-तीन डिरेक्टऱ्या भरल्या की यंत्र गुदमरते. मेमरी संपल्यावर प्रोग्रॅम बंद करून जागा मोकळी करणारी कर्नलची यंत्रणाही या फायली हटवू शकत नाही. शिवाय मेमरीतला हा मजकूर डिस्कवरच्या स्वॅपमध्ये जाऊ शकतो. म्हणून गोपनीय मजकूर इथे ठेवला तर तो डिस्कवर कधीच उतरणार नाही, असे गृहीत धरू नका. ऑगस्ट २०२५ मध्ये आलेल्या डेबियन १३ या लिनक्स आवृत्तीने तात्पुरत्या फायलींची टीएमपी डिरेक्टरी मुळातच मेमरीत नेली आहे. त्यामुळे हा प्रश्न आता सगळ्यांच्याच दारात आला आहे.

मेमरीत काय ठेवावे, याचे जवळचे उदाहरण घ्या. आपल्या भागात कल्याणचे सार्वजनिक वाचनालय १८६४ पासून आणि ठाण्याचे मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ पासून ग्रंथ जपत आले आहे. अशा संग्रहातला जुना ग्रंथ स्कॅन करताना पाने सरळ करण्याच्या मधल्या प्रती खुशाल मेमरीत ठेवाव्यात. त्या पुन्हा तयार होतात. मूळ स्कॅन मात्र डिस्कवर आणि बॅकअपमध्येच हवा, कारण जीर्ण पान दुसऱ्यांदा यंत्राखाली तग धरेलच असे नाही. पुन्हा घडवता येते ते मेमरीत, येत नाही ते डिस्कवर, हीच माझी कसोटी आहे.

माझी विनंती एवढीच: उद्या आपापल्या सर्व्हरवरच्या माउंटची यादी काढा. मेमरीतल्या प्रत्येक डिरेक्टरीसमोर तिचा आकार, तिच्यात लिहिणारा प्रोग्रॅम आणि वीज गेल्यास ती माहिती कुठून परत मिळेल, हे लिहा. तिसरा रकाना कोरा राहिला, तर त्या फायली त्याच दिवशी डिस्कवर हलवा. आणि ही नोंद मराठीत ठेवा, म्हणजे रात्रपाळीला नव्याने रुजू झालेल्या सहकाऱ्यालाही ती वाचून लगेच निर्णय घेता येईल.